बिननावाचा

टेम्पो सकाळीच दारात येऊन उभा राहिला होता, पण बैलाला त्यात चढवायला कुणी पुढं होईना. बोरी बुद्रुकच्या सावळारामाच्या अंगणात अर्धी भावकी जमली होती आणि सगळे गोठ्याच्या दारापासून लांब, अंग चोरून उभे होते. बरोबरच होतं त्यांचं. कालच यात्रेच्या शर्यतीत या बैलानं भावकीतल्याच गेणभाऊच्या मांडीत शिंग घातलं होतं.

"वाणच मारका हाय त्याचा," सावळाराम ज्याला त्याला सांगत होता. "पोटातनंच तसलं आलंय. मानूस काय करनार?"

ऐकणारे माना हलवत होते. हेच तोंड काल काय बोलत होतं, तेही त्यांना आठवत होतं. शर्यतीच्या चढणीवर, घाटात, सावळारामाच्या गाड्याची बारी सगळ्यांत वेगात गेली, भोंग्यावरून 'घाटाचा राजा' म्हणून त्याचं नाव पुकारलं, तेव्हा हा गुलालानं माखून ओरडत होता, की माझ्या हातचा बैल आहे, मी घडवलाय. तेवढ्यात वर घाटाच्या माथ्यावर बैल धरायला उभ्या असलेल्या गेणभाऊनं बैलाच्या मानेवर हात ठेवला आणि व्हायचं ते झालं. गेणभाऊला घेऊन जीप मंचरच्या दवाखान्याकडं निघाली, तरी सावळाराम व्हिडिओवाल्याला विचारत होता, बारीची कॅसेट कधी मिळेल म्हणून. जिंकला तोवर बैल त्याचा होता. शिंग लागलं आणि बैल कुणाचाच राहिला नाही.

घडवला होता, हे मात्र खरं. खिलारी वासरू आणलं त्या दिवसापासून त्यानं ते पत्र्याच्या अंधाऱ्या गोठ्यात ठेवलं. खिडकीला पोतं लावलं. खायला काही कमी केलं नाही. दूध, अंडी, कणकेचे गोळे, घरातल्या पोरांना मिळालं नाही ते बैलाला मिळालं. पण अंगावर हात कुणी फिरवायचा नाही. हात फिरवला की जनावर मवाळ पडतं, हे सावळारामाचं शास्त्र. माणसाला भ्यालेला बैल माणसांच्या गर्दीतून जीव घेऊन पळणार, मग त्याला कोण गाठतंय. म्हणून रोज संध्याकाळी तो घाटातली आरोळी द्यायचा आणि पोतं बाजूला करून काठी हाणायचा. पोळ्याला गावातल्या बैलांचे खांदे हळद-तुपानं मळले जात, तेव्हाही याच्या खांद्याला कुणाचं बोट लागलं नाही. सावळारामाची बायको साळुबाई एकदा पुरणपोळी घेऊन गोठ्याच्या दारापर्यंत गेली, तर त्यानं तिच्या हातातलं ताट काढून घेतलं. बैलाला नावही नव्हतं. घाटाचा राजा झाला की ठेवू, असं त्याचं म्हणणं होतं.

अंगणातली कुजबुज एकदम थांबली. गेणभाऊची बायको भागू नातीचा हात धरून आत आली. दवाखान्यातून ती कपडे न्यायला गावात आली होती आणि घरी जायच्या आधी इकडे वळली होती. सावळारामाची ही चुलत वहिनी. तो लगबगीनं पुढं झाला. पाय वाचेल ना, म्हणून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सांगून टाकलं, की बैल आत्ताच्या आत्ता खाटकाकडे धाडतोय, पुन्हा कुणाला त्रास नको. एवढ्यावर आपण सुटलो, असं त्याला वाटलं.

भागू रडली नाही की भांडली नाही.

"सुदीवर आले तवा पयलं काय बोलले, ठावं हाय? म्हनले, मी निस्ता हात ठिवला, तर त्ये केवढं दचाकलं. भाऊजी, तुमी कवा मायेनं हात लावला व्हता का त्याला?"

सावळारामानं उंबऱ्यात उभ्या साळुबाईकडं पाहिलं. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, तिला गप्प तरी करता आलं असतं.

"मारकंच हाय त्ये," तो म्हणाला. "थांबा, दावतोच तुमाला." त्यानं काठी उचलली आणि पत्र्याचं दार सताड उघडलं.

त्याला आता एकच हवं होतं. बैलानं अंगावर यावं. लागलं तर लागू दे, दोन टाके पडतील, पण या सगळ्यांची तोंडं तरी बंद होतील. त्यानं काठी उगारली आणि जीव तोडून आरोळी दिली, "भिर्रर्र!"

उजेडात बैल दिसला. शिंगांवर कालचं वाळलं होतं. गुलाल किती आणि रक्त किती, कळत नव्हतं. तो मागं सरत भिंतीला भिडला. मान खाली गेली, गुडघे मुडपले, आणि एवढं थोरलं धूड लटलट कापायला लागलं. पोटाखाली मुताची धार लागली.

"मार की," सावळाराम म्हणाला. काठी पाठीवर बसली. "मार ना. काल मारलं न्हवं?"

बैलानं डोळे मिटून घेतले.

पुन्हा काठी उचलायला त्याचा हात वर झाला नाही. दम लागला होता. तो तसाच काठी घेऊन बाहेर आला.

बैलाकडं कुणीच बघत नव्हतं. भागूनं नातीला मागं ओढून पदराआड घेतलं. माणसं दोन्ही बाजूंना सरकली आणि अंगणात त्याच्यासाठी ऐसपैस मोकळी वाट झाली. काल बैल उधळला, तेव्हा अशीच झाली होती.