सहा वेळा टोवे

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून हेनिंगने गावच्या सभागृहात ऐंशी माणसं जेवायला बोलावली आणि रिवाजाप्रमाणे बायकोवर गाणं रचलं. ते त्याने कुणालाच दाखवलं नव्हतं. छापलेले कागद कॉफीच्या वेळीच वाटले गेले.

"मास्तरीणबाई, आज तरी लाल पेन पर्समध्येच राहू दे," शेजारचा इवार म्हणाला.

"राहील हो. नवऱ्याने जन्मात पहिल्यांदा कविता केलीय. मी आज फक्त रडायला आलेय," टोवे म्हणाली.

जुन्या, ओळखीच्या चालीवर सगळे गाऊ लागले. पण तीस वर्षं शाळेत कविता शिकवलेल्या टोवेची बोटं टेबलाखाली आपोआप अक्षरं मोजायला लागली. सहा कडवी, दर कडव्यानंतर तेच धृपद आणि धृपदाच्या शेवटी तिचं नाव. वृत्ताला तिथे तीन अक्षरं हवी होती, 'टोवे'त भरली दोनच. वरची ओळ 'इटे'वर संपत होती, म्हणजे यमकही गेलं. अख्खं सभागृह दर वेळी नेमकं तिच्या नावावर ठेचकाळत होतं.

'जमलं नाही रे तुला, वेड्या,' असं मनात म्हणत तिने डोळे पुसले आणि शेवटच्या धृपदाला मान वर केली.



समोर तिची धाकटी बहीण, कागद उपडा ठेवून, डोळे मिटून, ऐंशी जणांत एकटीच न अडखळता गात होती. बिर्गिटे.