दिवसाला व्हेन

परदेशातल्या लेकाला "कधी येतोस?" विचारलं की तो "बघू गं आई" म्हणून विषय टोलवायचा. शेवटी आजींनी ठरवलं, आता थेट नातीलाच विचारायचं. पोर काही थापा मारणार नाही. पण नातीला मराठीचा गंध नव्हता. म्हणून जन्मभर शिवणयंत्र चालवून घर उभं केलेल्या आजी शेजारच्या शिक्षिकेपुढे इंग्रजी शिकायला बसल्या.

"हे बघा आजी, माणसाला हू, जागेला व्हेअर आणि दिवसाला व्हेन," शिक्षिका म्हणाली.

"दिवसाचा एवढा मान राखतात होय तिकडे? मग आमच्या चिरंजीवांना एक दिवस का सापडत नाही?"

बॉबिन भरता भरता आजींनी शिक्षिकेने जुळवून दिलेलं प्रश्नाचं वाक्य घोटून घोटून पाठ केलं. रविवारी फोनच्या पडद्यावर नात दिसली तशी त्यांनी मान ताठ केली आणि कुठेही न अडखळता विचारलं, "टेल मी द डे व्हेन यू विल कम."

नातीने टाळ्या पिटल्या. मग आजीला खूश करायचं म्हणून, बाबांच्या तोंडून ऐकून पाठ झालेला एकुलता एक मराठी शब्द ती हौसेने म्हणाली.



"बघू!"