उजव्याच्या जागी डावा

सुतारखान्यात फळी सरळ की वाकडी, हे ताईने ठरवायचं आणि धाकट्या भावाने मान डोलवायची. डावा डोळा मिटून ती उजवा फळीच्या कडेला लावायची. एकदा खिळ्याचा तुकडा उडून त्याच उजव्यात घुसला. “याची दृष्टी गेलीच. हा डोळा ठेवला तर शरीराची प्रतिकारशक्ती चांगल्या डोळ्यावरही उलटून तोही जाऊ शकतो,” डॉक्टर म्हणाले. “मग काढा,” ताईने तिथल्या तिथे सांगितलं. कामावर परतताच तिने फळी उचलली आणि सवयीने डावा डोळा मिटला. मिट्ट काळोख! “राहू दे, ताई,” भाऊ कळवळला, “तू पॉलिशचं बघ.” तिने फळी डावीकडे घेतली. उजव्याने जाता जाता वाचवलेला तो डोळा कडेवरून सावकाश फिरला. “मधे फुगवटा आहे.” भावाने कडेवर मोजपट्टी ठेवली, ती डुगडुगली. “रंधा कुणी मारला?” “मी,” तो पुटपुटला. “तेही दोन्ही डोळे उघडे ठेवून?”