लिओच्या टेबलावरचा चहा

१९८८ची सार्वत्रिक निवडणूक. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या आमच्या गावात चर्चच्या दालनात उमेदवारांची वादसभा होती. सभेनंतर पटलेल्या उमेदवाराच्या टेबलावर चहा प्यायचा, अशी रीत. माझा भाऊ लिओ निवडणुकीला उभा होता. त्याच्या टेबलावरची किटली मी सांभाळत होते. गावाला पोसणाऱ्या मासळीच्या कारखान्यातली फिलोमेना मावशी उठली. "लिओ, कारखाना बंद होणार का रे?" "मावशी, समुद्र आपला बाप आहे..." "बापाला मी ओळखते! कारखान्याचं बोल." बंद होणार हे त्याला ठाऊक होतं; पक्षाने खरं बोलू नको म्हटलेलं, खोटं त्याला जमेना. त्याने पाण्याचा घोट घेतला. "मुळीच नाही!" प्रतिस्पर्धी गरजला. सगळे त्याच्याच टेबलाकडे गेले. निवडणुकीत लिओ पडला. वसंतात कारखान्याला कुलूप लागलं. जिंकलेला राजधानीत, ऑटावात रमला, लिओ दूर पश्चिमेला अल्बर्टात ट्रक चालवत राहिला. मावशी मरेपर्यंत म्हणायची, "'होणार' म्हणाला असता तर रडलो असतो, पण त्यालाच निवडलं असतं."