भक्कम बचाव

लग्न होऊन यशोधरा खर्ड्याला गेली, तरी बापलेकीचं बुद्धिबळ सुटलं नाही. दर रविवारी रंगनाथ कोल्हारच्या एसटीडी बूथवरून तिच्या सासरी फोन लावायचे. दोघांपुढं आपापला पट मांडलेला असायचा.

माहेरी असताना ती वजीर घेऊन थेट बापाच्या राजावर तुटून पडायची आणि हमखास हरायची. हरली की हसत पुन्हा सोंगट्या मांडायची. आता मात्र तिची एकही सोंगटी पुढं येत नव्हती. राजा कोपऱ्यात आणि सगळी फौज त्याच्याभोवती. लग्नापासून तिला हरवणं रंगनाथांना एकदाही जमलं नव्हतं.

"पोरगी लई सुधारली," बूथवाल्याला ते कौतुकानं सांगायचे. "आदी नुसती धावून यायची. आता जवळ फिरकू देत न्हाई. खर्ड्याच्या किल्ल्याचा गुण लागला म्हना."

भीमजयंतीला तिला माहेरी आणायला ते खर्ड्याला गेले. लग्नानंतर लेक पहिल्यांदाच दिसत होती. ती पाण्याचा तांब्या घेऊन समोर आली, तसे ते उठून उभे राहिले.

"काय गं, बापाला जिंकू देत न्हाईस व्हय आता?" असं म्हणत त्यांनी तिच्या डोक्यावरून फिरवायला हात उचलला.



तांब्या खाली पडला, आणि यशोधरानं दोन्ही हातांनी आपलं डोकं झाकून घेतलं.