दोरीवरची वाव

वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांची लांबी. ती मीटरमध्ये मोजून आणा, असं गुरुजींनी सातवीच्या वर्गाला सांगितलं होतं. शालनने आधी बापाचे, नारबाचे, हात मोजले. मग खाडीची खोली मोजायची माळ्यावरची जुनी दोरी काढली. तिला वावेवावेला गाठ होती.

“बाबा, तुझी वाव एकशे सहासष्ट सेंटीमीटर, आणि गाठी एकशे चौऱ्याहत्तरावर! दोरी चुकली. गुरुजी माका शून्य देतले.”

“चुकली नाय गो. त्यो गाठी माझ्या बापाशीन मारल्यानी.”

बाप गेला तेव्हा नारबा पाळण्यात होता. त्याने दोन्ही हात ताणले.

“दाखव बघया, तेचे हात खंयपर्यंत येत.”

शालनने त्याच्या उजव्या बोटांपुढे चार सेंटीमीटरवर आपलं बोट धरलं, मग डाव्या. नारबा हात काही खाली घेईना.