अकरा गणपती, अकरा डोळे

"झाला. फुडचा आण गो," महिपती म्हणाला आणि त्याने ब्रश पाण्यात बुडवला.

बायजाने नवऱ्यासमोरच्या गणपतीकडे पाहिलं. एक डोळा असा उतरला होता की बघणाऱ्याने आपसूक हात जोडावेत. दुसऱ्या डोळ्याच्या जागी नुसता गुलाबी रंग. महिपतीला मात्र मूर्ती पुरी दिसत होती. भिंतीकडेला अशाच दहा उभ्या होत्या, ही अकरावी. हमरापुरात कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, महिपतीच्या कारखान्यातले देव यंदा डोळा मारायला शिकले. बायजाला हसू येत नव्हतं. रोह्याच्या गिऱ्हाइकाचा टेम्पो चारला यायचा होता आणि साडेतीन होऊन गेले होते. पण तिला धास्ती होती ती टेम्पोची नव्हे.

काल नवरा हायवे ओलांडायला गेला आणि डावीकडून आलेली एसटी त्याच्या सदऱ्याला घासून गेली. ड्रायव्हरने खाली उतरून शिव्या घातल्या. महिपती त्यालाच विचारत होता, "कुठली एसटी?"

पंधरा दिवसांपूर्वी झटका आला, तेव्हा पेणच्या डॉक्टरांनी स्कॅनची फिल्म उजेडाला धरून दाखवली होती. उजव्या बाजूला, कानाच्या वर जरा मागे, एक डाग. "मेंदूच्या वरच्या थराचे भाग असतात, बाई. पुढचा विचार करतो, मधल्या पट्ट्यामुळे हातपाय हलतात, पाठीमागचा बघतो. हा जो बिघडलाय, तो डाव्या बाजूचं भान ठेवतो."

"म्हणजे आमच्या कारखान्यागत," बायजा म्हणाली होती. "साचा भरणारा येगळा, घासणारा येगळा, डोळ्यांची आखणी करणारा येगळा."

"अगदी तसंच. तुमचा आखणीवाला शाबूत आहे. डावीकडे बघ म्हणून सांगणारा गेलाय." मग फिल्म पाकिटात घालता घालता ते म्हणाले, "मान वळवून बघायला शिकवता येईल. पण आपलं काही चुकतंय, हे आधी त्यांना पटायला हवं. नाहीतर एक दिवस गाडीखाली जातील."

पटवायचं कुणी? तीस वर्षांत महिपतीच्या आखणीला नाव ठेवायची कुणाची छाती झाली नव्हती. सकाळी लेकीने, शांतीने, "बाबा, एक डोळा राहिलाय" एवढंच म्हटलं, तर तो उसळला, "माझ्या हातातला ब्रश पायजे तुला, म्हणून खोड काढतेस!" पोरगी रडत आत गेली. बायजाने डाव्या डोळ्यावर, उजव्या डोळ्यावर आळीपाळीने बोट ठेवून दाखवलं. तो म्हणाला, "दोन्ही हायेत की. तुला चष्मा लागला."

बायजा उठली. मूर्ती एक फुटाची, वजनाला हलकी. तिने दोन्ही हातांनी ती धरली आणि तिथेच अडकली. या घरचा रिवाज होता: डोळे उघडेपर्यंत ती माती, उघडले की देव. मग तिला आडवीसुद्धा करायची नाही. एकच डोळा उघडला असेल तर काय, हे सासऱ्याने कधी सांगितलं नव्हतं.

'पाप लागलं तर मला लागू दे,' असं मनाशी म्हणत तिने मूर्ती उचलली आणि महिपतीच्या समोर उलटी धरली. मुकुट खाली, बैठक वर.

"अगो, देवाला उलटा करतेस? डोकं फिरलं काय तुझं?" महिपती ओरडला आणि मध्येच थबकला. कोरा डोळा आता त्याच्या उजव्या हाताला आला होता. तो पुढे वाकला. "हा डोळा कुणी सोडला?"

बायजाने मूर्ती तशीच उलटी धरून ठेवली.

"कुणी सोडला इचारतोय! असलं काम माझ्या कारखान्यातनं जातंय?"

"तुमी सोडला."

"मी? उभ्या जन्मात मी..."

"बोट लावा त्याच्यावर. आनि त्याच्यावरची नजर काढू नका."

त्याने बोट टेकवलं. बायजा मूर्ती हळूहळू सुलटी करू लागली. मुकुट वर यायला लागला, तसा तो कोरा डोळा उजवीकडून खाली आणि तिथून डावीकडे सरकू लागला. महिपतीचं बोट त्याच्या मागोमाग फिरत गेलं, आणि मधोमध येऊन थांबलं. मूर्ती पुढे फिरली. बोट तिथेच, हवेत.

"कुठं गेला?" तो म्हणाला. "आता हितं होता ना गो? कुठं गेला?"

इतका घाबरलेला आवाज बायजाने त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तिला भडभडून आलं. "हाय तो. तिथंच हाय. तुमाला दिसत नाय."

"परत दाखव."

तिने परत मूर्ती उलटी केली. डोळा सापडला. सुलटी केली, पुन्हा हरवला. तिसऱ्यांदा तिने हात उचलले, तेव्हा तो म्हणाला, "नको." आणि भिंतीकडेच्या दहा मूर्तींवरून बोट फिरवत हळू आवाजात विचारलं, "ह्यांचे पण?"

बायजाने मान डोलावली.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. महिपतीने ब्रश फडक्याला पुसला, टोक बोटांनी जुळवलं.

"शांते!"

"हाय, बाबा." शांती केव्हाची आतून येऊन त्याच्या डाव्या खांद्याशी उभी होती.

"हे धर," तो म्हणाला, आणि त्याने ब्रश उजवीकडे, जिथे कुणीच नव्हतं तिथे पुढे केला. पुढे केलेला हात तो मागे घेईना.

शांती त्याच्या पाठीमागून वळसा घालून त्या बाजूला गेली आणि तिने ब्रश घेतला.